काय दिसतंय ते सांग

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. प्राचार्यांनी भाषणात सांगितलं की, ग्रामीण भागातल्या मुलामुलींना संगणक दाखवण्याचं पवित्र काम आपल्या संस्थेनं केलं. टाळ्या पडल्या. मी मंचावरच होते, हातात पुष्पगुच्छ घेऊन. दालमिलवरच्या हमालाची लेक आज बँकेत अधिकारी आहे, असं माझंही कौतुक झालं. संगणक संस्थेनं दाखवला असेल. पण संस्थेला हात नसतात. तो दाखवणारा एक माणूस होता, आणि त्याचा उल्लेख पूर्ण भाषणात कुठंही आला नाही. घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. म्हणून हे लिहीत आहे.

कॉलेज लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे, त्याचं नाव लिहीत नाही. सरांचंही लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही, आणि न आवडलेल्या गोष्टीवर ते काय बोलतात हे मला माहीत आहे.

संस्थेनं सरांना दिलं होतं ते म्हणजे एक खोली, एक कुलूप आणि एका पतसंस्थेनं काढून टाकलेले जुने संगणक. त्यांच्यावर विंडोज धड चालत नव्हतं. ऑफिसातले मोठे बाबू सरांना म्हणाले होते, "कुणाकडून तरी सीडी आणा अन् टाका नकली. सगळेच टाकतात." सरांनी त्यावर दिलेलं उत्तर गावात बरीच वर्षं फिरत होतं. "चोरीच्या बैलानं नांगरलेल्या रानात मी पेरणी करणार न्हाई." मग त्यांनी सगळ्या संगणकांवर लिनक्स टाकलं. ते फुकट होतं, हलकं होतं, आणि कुणाचं चोरलेलं नव्हतं. आम्ही संगणक म्हणून पहिल्यांदा जे पाहिलं ते लिनक्स. दुसरं काही असतं हे आम्हाला नंतर कळलं.

सर मे महिन्यातसुद्धा गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत. लॅबमधल्या माउसवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून स्वतःचा माउस घरून आणत. तो खिशात मावत नसे. त्याची वायर ते गळ्याभोवती टाकत आणि डॉक्टर वॉर्डात फिरतो तसे रांगांमधून फिरत. पोरं त्यांना पाठीमागं उंदीरवाले सर म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. "उंदीर माझा हाय, बीळ तुमचं हाय," एवढंच ते म्हणत.

त्यांच्या लॅबमध्ये काही शब्दांना बंदी होती. 'खराब', 'गेला', 'बिघडला'. माझ्या पहिल्याच आठवड्यात मी उठून म्हणाले, "सर, माझा कॉम्प्युटर गेला."

"कुठं गेला? बिलोलीला?"

वर्ग हसला. मी म्हणाले, "तसं नाही सर. खराब झाला."

"बाहेर जा. दारात उभी राहा. काय दिसतंय ते नीट सांगता आलं की आत ये."

मी रडवेली होऊन दारात उभी राहिले. थोड्या वेळानं आत आले आणि म्हणाले, "सर, फोटो उघडून नाही राहिला."

"उघडत न्हाई म्हणजे? पांढरं दिसतंय, काळं दिसतंय, का फाटक्या कागदाचं चिन्ह दिसतंय?"

"फाटका कागद."

"आता बोललीस, माय. बस खाली. आता आपण बघू."

काय झालं ते सांगायचं नाही, काय दिसतंय ते सांगायचं. काय झालं हे आपल्याला माहीत नसतं, म्हणून तर आपण विचारायला आलेलो असतो. सरांचे वडील देवणीकडे जनावरांची खरेदी-विक्री करायचे. सर म्हणत, "माझ्या बापाच्या दारात येऊन कुणी म्हणलं, बैल खराब हाय, तर बाप त्याला पाणीबी विचारायचा न्हाई. कुठला पाय? उठताना लंगडतो का चालताना? चारा खातो का? ते सांग. बैलाला बोलता येत न्हाई. निदान तू तरी नीट बोल."

मग फोटोची चौकशी सुरू व्हायची. फाइल आहे का? तिला वजन आहे का? कारण कधी कधी नुसतं नाव असतं आणि आत काही नसतं, रिकाम्या पाकिटासारखं. दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडून बघितली का? दुसऱ्याच्या नावानं लॉगिन करून बघितलं का? कारण फाइल दुसऱ्याच्या मालकीची असेल तर लिनक्स तुला ती उघडू देत नाही, आणि ते बरोबरच करतं. हे सगळं झाल्याशिवाय सर संगणकाला हात लावत नसत. घाई केली की ओरडत. आमच्यातल्या काही जणांनी नेट कॅफेत विंडोज पाहिलं होतं. ते काही दिसेनासं झालं की पडद्यावर पुन्हा पुन्हा रिफ्रेश दाबायचे. सर मागून येऊन म्हणायचे, "काय करून राहिला रे? देवळात घंटा वाजवून राहिला का?"

ते वागायला सोपे होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्या तासामुळे आमची एसटी चुकायची. कुणाच्या हातचा चहा ते घेत नसत. लातूरहून तपासणीला आलेल्या एका साहेबांनी एका संगणकाकडे बघून "हा खराब दिसतोय" म्हटलं, तर सरांनी त्यांनाही दारात जाऊन उभं राहायला सांगितलं होतं. साहेब गेले नाहीत. पण ऑफिसनं ते लक्षात ठेवलं.

त्यांचा सगळ्यात मोठा राग मी पाहिला तो मात्र माणसावरचा नव्हता. गॅदरिंगचे फोटो कुणीतरी नव्या मोबाईलवर काढले होते आणि लॅबमध्ये टाकले होते. त्या प्रकारचे फोटो वाचणारा प्रोग्राम आमच्या संगणकांत नव्हता, त्यामुळे सगळीकडे फाटके कागद. सरांनी तो प्रोग्राम टाकला. फोटोवर दोनदा क्लिक केलं की फोटो सुरेख उघडायचा. पण बाहेर, फोल्डरमध्ये जिथं लहान चित्रं दिसतात, तिथं फाटका कागदच. सरांनी बराच वेळ शोधलं आणि मग एकदम मूठ टेबलावर आपटली.

"या, सगळे इकडं या. हे बघा याचे धंदे."

घरातल्या कपाटात मागं एखादा डबा लपवलेला असावा तसं संगणकात एक फोल्डर होतं. जे चित्र एकदा दाखवता आलं नाही, त्याची नापास म्हणून नोंद तिथं होत होती. एकदा नोंद झाली की संगणक त्या फोटोकडे पुन्हा बघतच नव्हता. आता फोटो वाचता येत होता, सगळं ठीक होतं, पण तो जुन्या नोंदीवरच विसंबून बसला होता.

"एकदा बघितलं, जमलं न्हाई, नोंद करून टाकली!" सर ओरडत होते. "ज्या दिवशी बघितलं त्या दिवशी तुलाच वाचता येत नव्हतं की रे! त्यात फोटोची काय चूक? अन् आता तुला वाचता येतंय, तर पुन्हा बघ ना. बघायला काय जातं तुझं?"

आमच्या वर्गात बारावीला नापास होऊन पुन्हा बसलेले पुष्कळ होते. त्यांत मीही होते. सरांनी ते फोल्डर आमच्यासमोर रिकामं केलं आणि एकेक करून लहान चित्रं उमटायला लागली. आमच्या गॅदरिंगमधल्या नाचाचा फोटो दिसला तेव्हा पोरींनी चक्क टाळ्या वाजवल्या.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती सांगते.

संस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस आमच्या गावात कसा होतो हे वेगळं सांगायला नको. बसस्टँडपासून कॉलेजपर्यंत बॅनरच बॅनर. त्या वर्षी मोठ्या बाबूंच्या मनात आलं की लॅबमधल्या सगळ्या संगणकांच्या पडद्यांवर अध्यक्षांचा फोटो लावायचा आणि अध्यक्षांच्याच हस्ते संगणक सुरू करायचे. सरांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून सर परीक्षेच्या कामासाठी नांदेडला गेले होते तो दिवस बाबूंनी निवडला. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. बॅनर छापणाऱ्या दुकानातून आणलेली पेन ड्राइव्ह माझ्या हातात दिली.

"तुला येतं ना गं ते लिनक्स का फिनक्स? सगळ्या मशीनला साहेबांचा फोटो लाव. सकाळी कार्यक्रम हाय."

सरांनी एक सोय करून ठेवली होती. एका ठरावीक फोल्डरमध्ये चित्र ठेवलं की दुसऱ्या दिवशी सुरू होताना प्रत्येक संगणक तेच चित्र पडद्यावर लावून घ्यायचा. मी फोटो उघडून बघितला. नीट दिसत होता. भगवा फेटा, पांढराशुभ्र सदरा, बॅनरवाल्यानं गोरागोमटा केलेला चेहरा. फोल्डरमध्ये ठेवला. तेवढ्यात लाईट गेली. मी लॅबची किल्ली ऑफिसात देऊन एसटी पकडली.

सकाळी अध्यक्ष हार घालून लॅबच्या दारात आले. फीत कापली. बाबूंनी एकामागून एक संगणक सुरू केले आणि एकामागून एक पडद्यांवर अध्यक्ष उमटले. फेटा निळा. केस आणि मिशा पांढऱ्या. सदरा काळा. दात काळे. आणि तोंड काळंनिळं. बॅनरवर त्यांना जेवढं गोरं केलं होतं, तेवढेच ते इथं काळे झाले होते. रांगेनं, प्रत्येक टेबलावर.

मागं उभ्या असलेल्या पोरींपैकी एकीला हसू आवरलं नाही. बस्स. अध्यक्ष वळले आणि बाहेर गेले. बाबू ओरडले, "वाढदिवसाच्या दिवशी साहेबांचं तोंड काळं केलं! मुद्दाम केलं हे!"

बाबू माझ्याकडे बघत नव्हते. माझं नाव घेतलं तर पेन ड्राइव्ह कुणी दिली तेही निघालं असतं. पण नाव कधी ना कधी निघणार हे मला कळत होतं. प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली होती. मला तिला बसू दिलं नाही तर वर्ष जाणार होतं. आणि घरी माझे चुलते, पोरीची जात किती शिकवायची म्हणून आधीच वडिलांच्या मागं लागलेले. त्यांना निमित्तच हवं होतं. 'पोरीनं कॉलेजात भानगड केली' एवढं त्यांना पुरलं असतं.

सर नांदेडहून पहिल्या गाडीनं आले आणि थेट या गोंधळात शिरले. गळ्यात वायर होतीच. कुणाला नमस्कार नाही, काही नाही. पहिला प्रश्न, "काय दिसतंय?"

"काय दिसतंय काय विचारता!" बाबू किंचाळले. "साहेबांचं काळं तोंड दिसतंय!"

"तोंड काळं, अन् केस पांढरे?"

"हाव! बघा की डोळे उघडून!"

"मग फोटोला काही झालेलं न्हाई. वाचणारा उलटं वाचून राहिला."

सर खुर्चीवर बसले आणि त्यांच्या नेहमीच्या क्रमानं एकेक तपासत गेले. फाइल आहे. वजन आहे. दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडली, तिथं अध्यक्ष गोरेपान. म्हणजे पडद्यावर चित्र पसरवणारा प्रोग्राम तेवढा चुकत होता. मग त्यांनी बॅनर छापणाऱ्या चाचांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. चाचांचं दुकान बसस्टँडजवळ आहे, त्यांच्या वडिलांपासूनचं.

"सर, वो फाइल तं छपाईची हाय," चाचा म्हणाले. "चार शाईवाली. कागदाला, फ्लेक्सला चालते. कॉम्प्युटरच्या पडद्याला हर जागी न्हाई चालत. मी बाबूंना बोललो होतो, थांबा, दुसरी बनवून देतो म्हून. ते म्हणले, राहू द्या, टाइम न्हाई."

सर आम्हाला समजावून सांगायला लागले. वर्ग चालू असल्यासारखे. छपाईत आकडा मोठा म्हणजे शाई जास्त, म्हणजे काळोख जास्त. पडद्यावर आकडा मोठा म्हणजे उजेड जास्त. त्या प्रोग्रामनं शाईला उजेड समजून वाचलं, म्हणून काळं ते पांढरं झालं आणि पांढरं ते काळं. बोलता बोलता त्यांनी फाइल पडद्याच्या रंगांत बदलून घेतली. सगळ्या टेबलांवर अध्यक्षांचा फेटा भगवा झाला, चेहरा गोरा झाला. मला वाटलं, संपलं. कळलं सगळ्यांना.

बाबूंनी पडद्याकडे बघितलं, मग सरांकडे बघितलं, आणि म्हणाले, "म्हणजे करता येत होतं! एवढ्यात झालं! मग आधी का केलं न्हाई? मुद्दामच केलं म्हणायचं."

हे वाक्य मी आजही विसरू शकत नाही. जो माणूस गावातच नव्हता, ज्यानं दुसऱ्याचा गोंधळ निस्तरला, त्यानं तो निस्तरला हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा झाला.

दुपारी प्राचार्यांच्या केबिनमध्ये बैठक बसली. प्राचार्य, मोठे बाबू आणि संस्थेचे दोन संचालक. सरांना खुर्ची दिली नव्हती. मला राहवलं नाही, मी दारापर्यंत गेले. प्राचार्य मवाळ आवाजात बोलत होते. मला त्या आवाजाचाच जास्त संताप येतो.

"हे बघा सर, तुमचं ते शाईबिईचं बरोबर असेल. तो प्रश्न नाही. साहेब दुखावले आहेत. तुम्ही त्यांची माफी मागा. नाहीतर ज्या विद्यार्थ्यानं फोटो टाकला त्याचं नाव द्या, आम्ही त्याच्यावर कारवाई करू. तुमचे तास पुढच्या वर्षी चालू राहतील."

"पेन ड्राइव्ह कुणी दिली?" सरांनी विचारलं.

बाबू चहाच्या कपात बघत होते.

"चाचांनी फोनवर सांगितलं ते तुम्ही ऐकलं ना?"

"तो बॅनरवाला काय आपल्या संस्थेचा आहे?" एक संचालक म्हणाले.

मी आत गेले. टेबलापाशी उभी राहून म्हणाले, "फोटो मी लावला, सर."

सर गर्रकन वळले. इतके चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते, त्या नापास फोटोंच्या दिवशीही नाही. "तुला कुणी विचारलं? सांगितलेलं काम केलंस, उघडून बघितलंस, बरोबर दिसलं, ठेवलंस. त्यात सांगण्यासारखं काय हाय? जा वर्गात."

"ही का ती मुलगी?" प्राचार्यांनी पेन उचललं.

"लॅब माझी हाय," सर म्हणाले. "तिथं जे दिसतं अन् जे दिसत न्हाई, दोन्ही माझं. लिहायचं असेल तर माझं नाव लिहा. माफी मात्र मागणार न्हाई. चूक झाली असती तर साहेबांच्या घरी जाऊन मागितली असती. चूक झालेलीच न्हाई."

"अहो, नुसता शब्दच तर टाकायचा आहे," प्राचार्य म्हणाले.

"मग तो तुम्ही टाका."

माझं नाव कुठंही लिहिलं गेलं नाही. मी परीक्षेला बसले, पास झाले. सर तासिका तत्त्वावर होते, म्हणजे जेवढे तास शिकवायचे तेवढ्याचाच पगार. अशा माणसाला कॉलेजला काढावं लागत नाही. नोटीस नको, चौकशी नको, सही नको. पुढच्या वर्षी फक्त बोलवायचं नाही. जूनमध्ये कॉलेज सुरू झालं आणि लॅबमध्ये दुसरे कुणीतरी होते. जुने संगणक भंगारात गेले. नवे आले. मेळाव्यातल्या भाषणात ज्या संगणकांचं कौतुक झालं, ते हेच.

पदवीचा निकाल लागल्यावर मी पेढे घेऊन सरांना शोधत नांदेडला गेले. एका झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत ते मुलांना संगणक शिकवत होते. केस पिकले होते. पेढ्यांकडे बघून म्हणाले, "हे कशाला? रस्त्यात खर्च करून आलीस." मग एक उचलला, त्यातला अर्धा खाल्ला, आणि बाकीचे समोरच्या मुलांना वाटून टाकायला सांगितले.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. वडील कसे आहेत, चुलते गप्प बसले का, पुढं काय करणार, असं सगळं विचारून झालं. मनात इतके दिवस अडकलेलं मी शेवटी बोललेच.

"सर, त्या दिवशी माफी मागितली असती तर काय बिघडलं असतं? दोन शब्द. कुणाला खरं वाटलं नसतं. तुमचे तास तरी राहिले असते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हा प्रश्न मी विचारावा याचं त्यांना खरोखर नवल वाटलं असावं.

"बाकी कुणाला खरं वाटलं नसतं," ते म्हणाले. "तुला वाटलं असतं. सरांनी माफी मागितली म्हणजे मी काहीतरी केलंच असेल, असं तू जन्मभर धरून बसली असतीस."

आतून कुणीतरी त्यांना हाक मारली. ते उठून गेले. मी बाकावर बसून राहिले. तिथं येईपर्यंत मी पक्कं धरून चालले होते की सरांची नोकरी माझ्यामुळे गेली. नोकरी माझ्यामुळे गेली नव्हती. ती काढून घेतली होती, चार शहाण्यासुरत्या माणसांनी, दिवसाढवळ्या, पंख्याखाली बसून, चहा पीत.